आत घालायचा कोट

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला पहिलं काम मिळालं ते बूट काढायचं.

ऑफिस कॅरी नावाच्या गावात, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर. कंपनी आर्किटेक्ट लोकांची, मूळ कॅनडातली, हेड ऑफिस विनिपेगला. इकडे नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी छोटीशी ब्रँच काढली होती, सगळे मिळून सहा जण. मी मास्टर्स संपवून थेट तिथेच लागले. जुलै महिना होता. पार्किंगपासून दारापर्यंत येईस्तोवर शर्ट पाठीला चिकटला होता. दार उघडलं तर समोर एक बुटका, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा पार्का. म्हणजे बर्फात घालतात तो जाड कोट, टोपीला फर असलेला. पायात करडे लोकरीचे सॉक्स.

मला वाटलं याला ताप भरलाय.

"शूज," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून मराठीत, "सांगलीची ना तू? मग तुला काहून सांगावं लागते?"

मी मुकाट्याने बूट काढले. दाराशी एक वेताची टोपली होती, तिच्यात अजून सॉक्स. तीन साइजचे, धुतलेले, जोड्या लावलेले. येणाऱ्या प्रत्येकासाठी. क्लायंट असो, कार्पेटवाला असो, पार्सलवाला सोडून सगळे. दर शुक्रवारी ते ती टोपली कडेवर घेऊन घरी जायचे आणि सोमवारी धुऊन परत आणायचे. हे मी नंतर दोन वर्षं बघितलं, एकदाही खाडा नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाहीये. ऑफिसमध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारायचे, पण माझ्या तोंडातून ते निघेचना. सर म्हटलं तर म्हणाले, "मी काय शाळा चालवून राहिलो का?" मग काका. मीटिंगमध्ये पण काका. आमची बॉस मेगन, जन्म इथलाच, तिला बरेच दिवस ते त्यांचं निकनेमच वाटायचं आणि तीही एकदा ईमेलमध्ये 'प्लीज चेक विथ काका' लिहून मोकळी झाली.

काका नागपूरचे. तिथे आर्किटेक्चर केलं, मग विनिपेगला गेले आणि बावीस वर्षं तिथेच. फोन आला की "जय भीम" म्हणून सुरुवात आणि दुसऱ्याच वाक्यात हवामान. नागपूरला भावाला फोन लावला तरी पहिलं, "किती आहे आज?" तिकडून काहीतरी पंचेचाळीस वगैरे ऐकलं की खूश व्हायचे, जसं काही भाच्याला मार्क पडलेत.

आता कोटाचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. आमच्या मजल्याचा थर्मोस्टॅट होता खालच्या डेंटिस्टच्या ताब्यात. तो एसी असा लावायचा की पेशंटला भूल द्यायची गरजच पडू नये. आम्ही सगळे कुरकुरत स्वेटर घालायचो. काकांनी सरळ विनिपेगचा पार्का काढला. दाराजवळ भिंतीत त्यांनी स्वतः एक लाकडी खुंटी ठोकली होती. ऑफिसमध्ये आले की खुंटीवरचा कोट अंगावर, बाहेर जाताना कोट परत खुंटीवर. मेगनने एकदा विचारलं, छोटा हीटर मागवू का? तर म्हणाले, नको, एका बिल्डिंगला थंड पण करायचं आणि गरम पण, हा वेडेपणा माझ्याच्याने बघवणार नाही.

लंच टाइमला त्यांचा क्लास भरायचा. क्लास म्हणजे मी एकटी. स्टीलच्या डब्यातली भाकरी मोडत ते लॅपटॉपवर कॅनडातल्या बिल्डिंगा दाखवायचे, आणि प्रत्येक आर्किटेक्ट कंपनीबद्दल असं बोलायचे की गाण्यातल्या घराण्यांबद्दलच बोलतायत. "हे समुद्रवाले," म्हणायचे. पूर्व किनाऱ्यावरचे ते. कोळ्यांच्या शेडसारखी साधी लाकडी घरं, उतरतं छप्पर, खडकाला हात न लावता खडकावर अलगद ठेवलेली. "बघ, खडक फोडला नाही. खडकाला विचारून बसले." मग पश्चिमेचे, "हे लाकूडवाले." हॉलएवढे मोठमोठे तुळयांचे सांगाडे, काही झाकत नाहीत, जोड उघडे ठेवतात. "श्रीमंत घराणं आहे. लाकूड आहे तर मिरवतात. मिरवू दे." उत्तरेकडच्या गावांत काम करणारे वेगळे, काकांना त्यांचा फार आदर. ते लोक आधी तिथल्या मूळ रहिवाशांच्या म्हाताऱ्यांबरोबर गोल करून बसतात, चहा पितात, ऐकतात, आणि पहिले काही महिने पेन्सिलच काढत नाहीत.

"मग बिल कसं लावतात?" मी विचारलं.

"ऐकायचं पण बिल लागते. तू लाव पुढे. आपल्या लोकांना ऐकायची सवय नाही, म्हणून फुकट वाटते."

"आणि आपलं घराणं कुठलं काका?"

"आपण वारेवाले," ते छाती फुगवून म्हणाले. "सपाट मुलूख, डोंगर नाही, झाड नाही. उत्तरेतून वारा निघाला की थेट तुझ्या नाकावर. आपल्याला फॅशन परवडत नाही, बाप्पा. बिल्डिंग म्हणजे काय? अंगातला कोट. बाकी सगळी बटणं."

त्यांच्या पिशवीत एक लाल रिबिन असायची. कुठल्याही साइटवर गेले की काठीला रिबिन बांधून रोवायचे आणि फोल्डिंग स्टुलावर दिवसभर बसायचे. थर्मास, भाकरी, वही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत आम्ही पाइनच्या झाडांखाली एक रिकामा प्लॉट बघत बसलो. तीन वाजता मी म्हटलं, "काका, गूगलवर वाऱ्याचा डेटा मिळतो."

"लग्नाच्या मुलीचा पण बायोडेटा मिळतो," ते म्हणाले. "म्हणून कुणी तेवढ्यावर हो म्हणते का?"

तो प्लॉट म्हणजेच आमची लायब्ररी. जवळच्या एका छोट्या गावाला शाळेजवळ नवीन लायब्ररी हवी होती. काउंटीचं, म्हणजे इकडच्या जिल्हा परिषदेचं काम, बजेट बेताचं. मेगनने ते काकांकडे दिलं, आणि इथे एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. विनिपेगमध्ये बावीस वर्षं काका डिझायनर नव्हतेच. ते भिंतवाले होते. बिल्डिंग दुसरा कोणीतरी काढायचा, नाव त्याचं, फोटो त्याचा. काका त्या बिल्डिंगच्या भिंतीच्या आत काय काय, कुठल्या क्रमाने, किती जाड, हे काढायचे. एवढंच. ही लायब्ररी त्यांची पहिली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत त्यांची स्वतःची, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

पहिल्या मीटिंगला काउंटीची माणसं आली, सूटबूट घातलेली. काकांनी टोपली पुढे केली. दोघेतिघे एकमेकांकडे बघायला लागले. मिस लोरेन म्हणून लायब्ररीच्या हेड होत्या, साठीच्या, त्यांनी मात्र पटकन लाल सॉक्स उचलले आणि खुर्चीवर बसून घातलेसुद्धा. मग बाकीच्यांचा इलाज नव्हता. पाच मिनिटांत टेबलाभोवती सगळे सॉक्सवर. मीटिंग झाल्यावर मी काकांना म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "बूट घातलेला माणूस उठून जायच्या तयारीत असते. सॉक्सवर बसवला की खरं बोलते. सॉक्सवर बसून खोटं बोलणं जमतच नाही कोणाला. करून बघ."

मिस लोरेन खरंच खरं बोलल्या होत्या. म्हणाल्या, पावसाच्या दिवशी पोरं शाळेच्या बसमधून उतरून थेट आत येतात, बूट चिखलाने भरलेले, अंगावरून पाणी गळतंय. मी दिवसभर त्यांच्यावर ओरडते. मला ओरडायचं नसतं. माझ्या आयुष्याची तीस वर्षं दारात उभं राहून ओरडण्यात गेली.

काकांनी त्या रात्री कागदावर बाकी काही नाही, फक्त दार काढलं. म्हणजे दार आणि लायब्ररी यांच्यामधली एक लांबट खोली. लाकडी खांबांची, खिडक्यांची, भिंतीला लागून बाक, बाकाखाली बुटांचे कप्पे आणि वर खुंट्यांच्या तीन ओळी. सर्वांत खालची ओळ पहिलीतल्या पोराच्या हाताला येईल अशी. विनिपेगला अशी खोली घरोघर असते, थंडीचं ओझं उतरवायला. इथे ती पावसासाठी. प्लॅनवर आम्ही तिला इंग्लिशमध्ये काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, काका म्हणायचे बुटांची खोली. काउंटीवाल्यांनी दोनदा ती कापायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काका मीटिंगला गेले आणि खोली वाचवून आले. एकदा तर त्यांनी पार्किंगचे दिवे देऊन टाकले तिच्या बदल्यात.

मला त्यांनी दिली भिंत. म्हणाले, "भिंतीचं काही डोकं लावू नको. विनिपेगच्या फोल्डरमध्ये माझं ड्रॉइंगचं शीट आहे, तसंच घे. ती भिंत मी वीस वर्षं घासून घासून बनवली आहे. उणे चाळीसमध्ये उभी राहते. तुमच्या कॅरीला तर ती पिकनिक."

मी तसंच घेतलं. कॉपी, पेस्ट, मापं मीटरची फूट-इंचात केली, दोनदा तपासली. मेगनने सही केली. परमिट मिळालं. सगळ्यांच्या नजरेखालून गेलं आणि कोणालाच काही खटकलं नाही.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, साइटवर भिंती बंद होत आलेल्या. दुपारी काका आणि मी शेजारच्या इंडियन ग्रोसरीतून समोसे आणायला निघालो. डेंटिस्टने एसी सुरू केल्याला आठवडा झाला होता. दाराशी आल्यावर काकांनी नेहमीसारखा पार्का काढला, खुंटीवर टांगला आणि बाहेर पडले.

मी त्या खुंटीकडे बघत उभीच राहिले.

"चल ना, गरम समोसे संपतात," जिन्यावरून ओरडले.

माणूस बाहेर जायला कोट काढतोय. घालत नाहीये, काढतोय. दोन वर्षं मी हे रोज बघत होते आणि हसत होते.

पटकन सांगते, फार टेक्निकल नाही. विनिपेगला आत ऊब, बाहेर गोठलेलं. आतली दमट हवा भिंतीत शिरली आणि थंड भागाला लागली की तिचं पाणी होतं, जसं फ्रिजमधल्या बाटलीवर येतं. म्हणून काकांच्या भिंतीत अगदी आतल्या बाजूला, खोलीतून दिसतो त्या प्लास्टरबोर्डच्या लगेच मागे, प्लास्टिकचा पातळ कागद असतो. आतली दमट हवा आतच थांबते. कॅरोलायनात सगळं उलटं. चार-पाच महिने बाहेर वाफ आणि आत डेंटिस्टसारखा कडक एसी. इथली दमट हवा बाहेरून भिंतीत शिरणार आणि त्या गार प्लास्टिकपाशी जाऊन अडकणार. बाहेर नाही, आत नाही. पाणी भिंतीच्या पोटात. मग बुरशी. बाहेरून काहीच दिसत नाही, काही वर्षांनी वास येतो. आणि सगळ्यात मोठी भिंत होती लहान मुलांच्या वाचायच्या खोलीची.

आम्ही कोट उलटा घातला होता त्या बिल्डिंगला.

मी संध्याकाळी ड्रॉइंग उघडून परत परत बघितलं. इकडच्या बांधकामाच्या नियमांच्या पुस्तकात तर सरळ लिहिलेलं होतं. शनिवार, रविवार मी कोणाशी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला भीती होती माझ्या एच-वन व्हिसाची. नोकरी गेली की साठ दिवस, मग बॅग भरा. शीट मी पेस्ट केलं होतं, माझं नाव त्या कोपऱ्यात होतं. सोमवारी सांगायचं ठरवून गेले, तर काका ऑफिसमध्ये पेढे वाटत होते. बुटांच्या खोलीचे लाकडी खांब साइटवर उतरले होते. फोनवर त्यांचा फोटो लावला होता वॉलपेपर म्हणून. चिखलात आडवे पडलेले बारा खांब. "बघ, बघ," म्हणत ते पार्सलवाल्यालाही दाखवत होते.

सोमवारी मी नाही बोलले.

मंगळवारी सकाळी आठला साइटवरून मेसेज आला, आजपासून मुलांच्या खोलीला प्लास्टरबोर्ड लावतोय. मी दाराशीच उभी राहिले. काका आले, बूट काढले, खुंटीवरचा कोट घेतला.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही कोट आत का घालता?"

"येडी का तू? आत थंडी आहे म्हणून."

"आणि बाहेर?"

"बाहेर उकडून राहिलं..." ते एवढं बोलले आणि थांबले. एक हात बाहीत, एक हात बाहेर. मी काहीच सांगितलं नाही, आई शप्पथ, एक शब्द नाही. त्यांनी तसंच, अर्धा कोट लोंबत, माझ्या टेबलापर्यंत चालत जाऊन भिंतीचं शीट उघडलं. आतल्या कागदाच्या रेघेवर बोट ठेवलं.

मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडे मे महिन्यात आई खिडकीला वाळ्याची ताटी लावायची. पाणी मारून. बाहेरून लावायची ती, झळ येते तिकडून. आतून नाही. मी तिसरीत होतो तेव्हा मला माहीत होतं हे."

मी म्हटलं, "शीट मी लावलं काका. मी चेक करायला पाहिजे होतं."

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"काल मी पेढे वाटत होतो."

"हो."

"खाल्ला ना तू?"

"दोन."

ते हसले. म्हणजे नाकातून हवा सोडली फक्त. मग फोन काढून साइटला फोन लावला आणि म्हणाले, बोर्ड लावू नका, आम्ही येतोय.

मेगनने विनिपेगला कॉल लावला. तिथले मोठे पार्टनर स्क्रीनवर आले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, एक ओलावा खेचायचं मशीन बसवू, कदाचित चालून जाईल, काउंटीला आत्ताच कशाला सांगायचं. मेगन काकांकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं, भिंत उघडायची म्हटली की कंपनीचं नुकसान तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. शाळा सुरू व्हायच्या आत लायब्ररी उघडायचीच होती. तीच माणसं परत भिंतीला लागली तर दुसरं काहीतरी सोडावं लागणार. आणि काउंटी काय सोडायला सांगेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"कदाचित," काका म्हणाले. "आणि पाच वर्षांनी त्या खोलीत पोरं खोकतील, मी तिकडे विनिपेगात बसून राहीन." मग मेगनला, "उद्या सांगू. समोरासमोर."

बुधवारी साइटच्या ट्रेलरमध्ये मीटिंग. पत्र्याची लांब खोली, फळकुटाची जमीन, सगळीकडे भुसा. काउंटीचा माणूस, मिस लोरेन, आणि साइटचा इनचार्ज डेल, हा दारासारखा रुंद. काका पायरीवर थांबले आणि बूट काढायला लागले.

"मॅन, डोंट," डेल ओरडला. "खिळे पडलेत खाली!"

काकांनी ऐकलं नाही. करड्या सॉक्सवर, खिळे चुकवत, टिटवीसारखे पाय उचलत आत आले आणि खुर्चीवर बसले. मीही काढले. मेगनने क्षणभर डोळे मिटले आणि तिनेही काढले. मिस लोरेन काही न बोलता वाकल्या आणि आपल्या चपलांचे बंद सोडायला लागल्या. डेल तेवढा बुटांवर राहिला.

काकांनी सांगितलं. भिंतीत काय आहे, का चुकलं, काय होईल. कुठेही 'आम्ही' नाही, 'ऑफिस' नाही. 'मी'. काउंटीच्या माणसाने ड्रॉइंग ओढून घेतलं आणि कोपऱ्यातलं नाव वाचलं. माझं. विचारलं, हे कोणी काढलंय?

मी तोंड उघडलं. टेबलाखाली लोकरीचा एक पाय माझ्या पायावर पडला, चांगला जोरात.

"मी," काका म्हणाले. "तिचं नाव सॉफ्टवेअर आपोआप टाकतं. ती त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी बसून मॉडेल बनवत होती, मी तिच्या कॉम्प्युटरवर होतो. ते शीट मी स्वतः लावलं."

सॉक्सवर बसून खोटं बोलणं जमत नाही कोणाला, म्हणायचे. पापणी पण नाही हलली.

मला बोलता आलं असतं. त्यांचा पाय बाजूला करून बोलता आलं असतं. मी नाही बोलले, आणि हे अजूनही आठवतं.

पुढचं तसंच झालं जसं सगळ्यांना माहीत होतं. भिंती उघडल्या, आतला कागद काढला, नवीन शीट मी आणि काकांनी शेजारी शेजारी बसून काढलं, इथल्या एका जुन्या बिल्डरला दाखवून. कंपनीने खर्च उचलला. काउंटीने वेळ वाचवायला बुटांची खोली 'फेज टू'मध्ये टाकली. आमच्या धंद्यात फेज टू म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना कळतं. काका मीटिंगमध्ये होते, या वेळी खोलीसाठी भांडले नाहीत. डेलने ते बारा खांब ट्रकमध्ये चढवले. काका आपल्या फोल्डिंग स्टुलावर बसून बघत होते. ट्रक वळल्यावर डेलच त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, स्वतःहून भिंत उघडायला लावणारा पहिला आर्किटेक्ट बघितला. काका म्हणाले, "मग चाळीस वर्षं तू काय बघून राहिला?" अर्थात इंग्लिशमध्ये. डेल खूप हसला.

ऑगस्टच्या शेवटी लायब्ररी उघडली. रिबिन कापली, केक कापला, भाषणं. पाऊस नेमका त्याच दिवशी. पोरं बसमधून उतरली आणि काचेच्या दारातून सरळ आत, बुटांसकट, चिखलासकट. मिस लोरेन दारात उभ्या. एकावर ओरडायला तोंड उघडलं आणि काकांना बघून बंद केलं.

आतला एसी एकदम कडक होता. काकांनी पार्का बरोबर आणला होताच, तो घालून ते सरळ मुलांच्या खोलीत गेले. दोन पोरं बीन बॅगवर लोळत पुस्तक बघत होती. काकांनी भिंतीवर पंजा ठेवला, ताप बघतात तसा. ठेवूनच उभे राहिले. मग कोपऱ्यात जाऊन खाली, फरशीजवळ. मग खिडकीच्या बाजूला.

"कोरडी आहे," मला म्हणाले.

"आजच उघडलीय काका. आत्ता कळणार नाही."

"माहीत आहे गं." तरी परत एकदा हात ठेवला.

त्यानंतर दोन महिन्यांत ते विनिपेगला परत गेले, कंपनीने बोलावलं म्हणून, भिंतींकडे. मी आता जर्सी सिटीत दुसऱ्या ऑफिसमध्ये आहे. तिथल्या फोल्डरमधलं कुठलंही शीट घेताना मी आधी गाव विचारते, लोक हसतात. पण मला त्यांचं शेवटचं जे आठवतं ते त्या दिवशीचं, लायब्ररीतून निघतानाचं.

दाराशी आलो. बाहेर पाऊस थांबून वाफ सुटली होती. काकांनी थांबून पार्का काढला आणि न बघता, सवयीने, उजवा हात भिंतीकडे नेला. जिथे खुंटी असायला हवी होती तिथे. खुंट्यांच्या तीन ओळी त्यांनी प्लॅनवर नेमक्या तिथेच काढल्या होत्या. हात गुळगुळीत काचेवर लागला. कोट तसाच हवेत धरून ते एक क्षण उभे राहिले.

मी हात पुढे केला. त्यांनी कोट माझ्या हातावर टाकला, आणि आम्ही गाडीकडे निघालो.